केडीबीमधली स्वतःची कमांड: टेबलावर चालते, साइटवर मशीनच गोठवते

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, केडीबी नावाचा डीबगर आहे: मशीन थांबवून आत बघायचं साधन. त्यात तुम्ही स्वतःची एक कमांड घातली आहे. टेबलावरच्या मशीनवर ती दहापैकी दहा वेळा चालते. पण बॉक्स खरोखर अडकलेला असतो तेव्हा, म्हणजे ज्या दिवसासाठी ती लिहिली त्याच दिवशी, कमांड टाइप करून एंटर दाबलं की पुढं काहीच येत नाही. ना ओळ, ना प्रॉम्प्ट. सीरियल कन्सोल, म्हणजे केबलने जोडलेला मशीनचा पडदा, मुका. वीज काढून परत लावायची, आणि वीज काढली की जे बघायचं होतं तेही गेलं.

आमच्याकडे हे एका पावसाळ्यात चार वेळा झालं. दर वेळी वाटायचं की आता सुटलं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी बाकीची कामं बाजूला ठेवून याच्याच मागे लागलो. जे सापडलं ते सगळं इथं लिहितोय. वाटेत आणखी दोन-तीन खड्डे लागले, त्यांच्याबद्दलही.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत नेटवर्क बॉक्सचं कर्नलचं काम बघतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये पॅकेटसाठी ५१२ बफरांचा साठा असतो. टीममध्ये त्याला सगळे गोडाऊन म्हणतात, कोडमध्येही तेच नाव आहे. दोन-तीन दिवस लोडवर राहिला की एखादा बॉक्स पॅकेट पुढं सोडेनासा व्हायचा. संशय असा की बफर गोडाऊनमधून बाहेर जातात ते परत येत नाहीत. कुठं अडकतात हे बघायचं तर त्या क्षणी सगळं जागच्या जागी थांबवून एकेक बफर कोणाच्या हातात आहे ते मोजायला हवं. लॉग टाकून जमत नव्हतं. लॉगच्या ओळी वाढवल्या की वेळेचं गणित बदलायचं आणि बॉक्स अडकायचाच नाही. म्हणून केडीबी.

केडीबी मुख्य कर्नलमध्ये आला २०१० साली, २.६.३५ या आवृत्तीत. केजीडीबी त्याआधीच, २००८ मध्ये २.६.२६ पासून होता. केजीडीबीला पलीकडे दुसरं मशीन आणि जीडीबी लागतो, केडीबीला सीरियल केबल आणि एक साधं टर्मिनल पुरतं. साइटवर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

कमांड घालणं तसं अवघड नाही. कर्नलच्या सोर्समध्ये सॅम्पल्स फोल्डरात केडीबी_हॅलो नावाचं छोटं उदाहरण आहे, जेसन वेसल यांचं. एका स्ट्रक्चरमध्ये कमांडचं नाव, फंक्शन, वापराची ओळ आणि मदतीची ओळ भरायची, ते केडीबी_रजिस्टरला द्यायचं, आणि मॉड्यूल काढताना न विसरता केडीबी_अनरजिस्टर करायचं. जुन्या लेखांत हेच फंक्शन पाच सुटे आर्ग्युमेंट घेताना दिसेल. २०२१ मध्ये ते बदलून स्ट्रक्चर घ्यायला लागलं, त्यामुळे जुनं उदाहरण उचललं तर कंपाइलच होणार नाही. इथपर्यंत कोणी फारसं अडत नाही.

गोठण्याचं कारण

आमची कमांड टीममधल्या एका मुलीने लिहिली. ड्रायव्हरमध्ये गोडाऊन मोजणारं फंक्शन आधीपासून होतं, डीबगएफएससाठी, म्हणजे चालू कर्नलची आतली माहिती फाइलींतून दाखवण्यासाठी, लिहिलेलं. तिने तेच कमांडमधून बोलावलं. चालू, तपासलेला कोड परत वापरणं यात गैर काय? रिव्ह्यूला माझ्याकडे आलं तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं. पण त्या फंक्शनच्या पोटात, दोन पायऱ्या खाली, गोडाऊनचा स्पिनलॉक घेतलेला होता. स्पिनलॉक म्हणजे असं कुलूप, की मिळेपर्यंत मागणारा सीपीयू जागेवर गोल फिरत राहतो.

केडीबीत शिरताना काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. ज्या सीपीयूवर डीबगर सुरू झाला तो एकटाच जागा राहतो. बाकीच्या सगळ्या सीपीयूंना गोळा करून जिथं होते तिथंच फिरत ठेवलं जातं, आणि इंटरप्ट बंद होतात. एक्स८६ वर हे गोळा करण्याचं काम एनएमआयने होतं, म्हणजे असा इंटरप्ट जो कोणाला अडवता येत नाही. आपण म्हणतो, लॉक घेताना इंटरप्ट बंद केलेत, मध्येच कोण थांबवणार? एनएमआय थांबवतो. लॉक हातात असतानाच तो सीपीयू गोठतो आणि आपण प्रॉम्प्टवरून गो, म्हणजे पुढं चालू कर, म्हणेपर्यंत तसाच राहतो.

आता तुमची कमांड तोच लॉक मागते. सायन-कुर्ल्याच्या मध्ये पाणी भरून लोकल थांबली आहे, ऑफिसची किल्ली त्या लोकलमधल्या माणसाच्या खिशात आहे, आणि तुम्ही दारात त्याची वाट बघत उभे आहात. पावसात निदान पाणी ओसरल्यावर लोकल सुटते. इथं लोकल तुम्हीच थांबवली आहे आणि किल्ली मिळाल्याशिवाय ती सोडायला तुम्ही जाणार नाही. हे कधीच सुटणार नाही. दुसऱ्या सीपीयूची गरजही नाही त्याला. लॉक घेतलेल्या कोडच्या मध्येच त्याच सीपीयूवर डीबगर सुरू झाला तर किल्ली तुमच्याच खिशात असते आणि तरी दार उघडत नाही.

मग टेबलावर का चालायचं? कारण आम्ही डीबगरमध्ये शिरायचो ते सिसरिक्यू-ट्रिगर या कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या फाइलीत जी हे अक्षर लिहून. ते एक साधं प्रोसेसचं काम असतं, शांत वेळी, शांत सीपीयूवर, आणि टेबलावरच्या बॉक्समधून पॅकेट जवळजवळ जातच नव्हती. लॉक मोकळा असण्याची शक्यता नव्याण्णव टक्के. साइटवर मात्र आम्ही सीरियल लाइनवर ब्रेक नावाचा खास सिग्नल पाठवून आत शिरायचो, बॉक्स पूर्ण लोडवर, आणि अडकलेला बॉक्स म्हणजे तर बहुतेक वेळा कोणीतरी तोच लॉक धरून बसलेलं. म्हणजे आमची चाचणीच अशी होती की तिच्यात हा दोष दिसणं शक्य नव्हतं.

अंदाज होता, पण डोळ्यांनी बघायचं होतं. बॉक्स गोठला की आतून काही कळत नाही, म्हणून तोच कर्नल क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये चार सीपीयू देऊन चालवला आणि क्यूईएमयूच्या मायनस-एस पर्यायाने पोर्ट १२३४ वर बाहेरून जीडीबी जोडला. आत पॅकेटचा मारा सुरू केला, ब्रेक पाठवला, कमांड दिली. सातव्या प्रयत्नात गोठलं. जीडीबीत सगळ्या सीपीयूंचे बॅकट्रेस (कोणतं फंक्शन कोणी बोलावलं त्याची साखळी) काढले. तीन सीपीयू केजीडीबीच्या थांबण्याच्या लूपमध्ये, आणि चौथा, आमची कमांड चालवणारा, नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथमध्ये, म्हणजे स्पिनलॉकची वाट बघणाऱ्या कोडमध्ये. थांबलेल्या तिघांपैकी एकाच्या ट्रेसमध्ये एनएमआयच्या खाली आमचंच बफर परत करण्याचं फंक्शन होतं, लॉक घेतल्यानंतरच्या तिसऱ्या ओळीवर. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी आणि कमांड लिहिणारी ती मुलगी, दोघंही बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. "दादा, म्हणजे इतके दिवस आपणच त्याला पकडून ठेवत होतो," ती म्हणाली.

इलाज

शोधलं तर बऱ्याच ठिकाणी सल्ला मिळतो की स्पिन_लॉकच्या जागी स्पिन_ट्रायलॉक वापरा, नाही मिळाला तर कमांड परत फिरेल. गोठणं थांबतं हे खरं. पण मला हा सल्ला अर्धाच पटतो. लॉक अडकलेला असतो तेव्हाच तर आतलं चित्र बघायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच कमांड हात वर करते. शिवाय लॉक सोडताना जर बीएच प्रकारचं अनलॉक वापरलं असेल तर साचलेली सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे इंटरप्टनंतर करायला ठेवलेली कामं, तिथंच, डीबगरच्या पोटात, चालवायचा प्रयत्न होऊ शकतो. ते नको.

मला पटलेला इलाज साधा आहे: लॉक घ्यायचाच नाही. लॉक कशासाठी असतो? आपण वाचत असताना दुसऱ्याने बदलू नये म्हणून. इथं बदलणारं कोणी उरलेलंच नाही, सगळे थांबलेत. उरतो तो एकच धोका, की थांबण्याआधी कोणीतरी बदल अर्धवट सोडलेला असेल. त्या अर्धवटपणाला धरून वाचायचं.

आमच्या कमांडमध्ये आता पहिलं काम म्हणजे स्पिन_इज_लॉक्ड, म्हणजे लॉक कोणी घेतलाय का, ते विचारणं. लॉक घेतलेला असेल तर तसं एका ओळीत छापायचं, की खालची यादी अर्धवट अवस्थेतली असू शकते, आणि पुढं जायचं. ही ओळ आली की मी लगेच केडीबीची बीटीसी कमांड चालवतो. ती प्रत्येक सीपीयूवर त्या क्षणी चालू असलेल्या कामाचा बॅकट्रेस देते, आणि लॉक कोणाकडे आहे ते बहुतेक वेळा पहिल्याच नजरेत दिसतं.

यादी चालताना मागच्या दिशेने जाऊ नका, नेक्स्टच्याच दिशेने जा. नेक्स्ट म्हणजे पुढच्या घटकाचा पत्ता, प्रिव्ह म्हणजे मागच्याचा. कर्नलच्या लिस्टमध्ये नवीन घटक जोडताना आधीच्या घटकाचा नेक्स्ट सगळ्यात शेवटी बदलला जातो, त्यामुळे जोडणं मध्येच थांबलं तरी पुढं जाणारा रस्ता अखंड असतो. प्रिव्हची तशी खात्री नाही. काढून टाकलेल्या घटकावर पाय पडला तर त्याच्या नेक्स्टमध्ये विषारी पत्ता, म्हणजे कर्नलने मुद्दाम ठेवलेला खोटा पत्ता, सापडतो. ६४ बिटी एक्स८६ वर तो डीईएडीने सुरू होतो, मग शून्यं आणि शेवटी १००. हा पत्ता ओळखून तिथंच थांबायचं आणि तसं छापायचं. वर मोजणीला मर्यादा हवीच. आमचे बफर ५१२, म्हणून ५१२ च्या पुढं लूप गेला तर यादी स्वतःतच गुंतली आहे असं समजून बाहेर.

आणि कोणताही पॉइंटर सरळ वाचायचा नाही. त्यासाठी कॉपी_फ्रॉम_कर्नल_नोफॉल्ट आहे. २०२० च्या ५.८ आवृत्तीआधी त्याचं नाव प्रोब_कर्नल_रीड होतं. पत्ता खोटा निघाला तर ते फक्त चूक परत करतं. सरळ वाचलं आणि पत्ता खोटा निघाला तर डीबगरच्या आतच फॉल्ट होतो. केडीबी स्वतःची तपासणी एक पायरी खोलपर्यंत करू देतो, त्याच्या पुढं पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकतो.

लॉक ही मागणी डोळ्यांत भरते, पण मागण्या आणखीही असतात. केमॅलॉक, म्हणजे कर्नलकडे नवी मेमरी मागणं, करू नका. जीएफपी_अॅटॉमिक दिलं म्हणून सुटका नाही, त्यातही झोप नसली तरी अॅलोकेटरचे स्वतःचे लॉक असतात. लागणारा बफर स्टॅटिक ठेवा. म्युटेक्स हा दुसऱ्या प्रकारचा लॉक तर अजिबात नको, तो झोपायला जातो आणि इथं उठवणारं कोणी नाही. एक जागा मात्र भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते: जिफीज, म्हणजे टायमरच्या प्रत्येक टिकटिकीला वाढणारा कर्नलचा आकडा. हार्डवेअरचं रजिस्टर तयार होईपर्यंत जास्तीत जास्त एक सेकंद थांब, असा लूप बऱ्याच ड्रायव्हरमध्ये जिफीज बघून लिहिलेला असतो. डीबगरमध्ये टायमरचा इंटरप्ट बंद, त्यामुळे जिफीज पुढं सरकतच नाही. तो एक सेकंद कधी संपत नाही. लॉक कुठंच नसताना आमची दुसरी एक कमांड गोठायची, ती यामुळे. तिथं मोजून फेऱ्या आणि मध्ये यूडीले, म्हणजे मायक्रोसेकंदांत थांबणं, असं केलं.

म्हणून चालू फंक्शन कमांडमधून बोलावण्याआधी त्याच्या पोटातलं शेवटच्या पायरीपर्यंत वाचा. मी तर आता सांगतो की डीबगरच्या कमांडसाठी वेगळंच वाचणारं फंक्शन लिहा. थोडा कोड दोनदा लिहिला जातो, जाऊ दे.

कमांड दिली आणि मशीन चालूच झालं

हा दुसरा प्रकार आम्हाला लॉकपेक्षाही जास्त गोंधळात टाकून गेला, कारण चुकीची खूणच दिसत नाही.

कमांडचं नाव अर्थात गोडाऊन. एका बॉक्सवर मी ब्रेक पाठवला, प्रॉम्प्ट आला, गोडाऊन टाइप केलं, एंटर. प्रॉम्प्ट गायब आणि समोर लॉगिनची ओळ. बॉक्स आपला मजेत चालू. वाटलं, कमांडने डीबगरच पाडला. तासभर कमांडच्या कोडमध्ये शोधत होतो, आणि त्या बॉक्सवर आमचं मॉड्यूल लोडच झालेलं नव्हतं.

झालं असं. केडीबीला दिलेल्या नावाची कमांड सापडली नाही तर तो लगेच नाही म्हणत नाही. तो बघतो की तुम्ही लिहिलेल्या शब्दाची सुरुवात एखाद्या माहीत असलेल्या कमांडच्या नावाने होते का. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण मेमरी दाखवणाऱ्या एमडी कमांडला आकडा चिकटवून लिहायची पद्धत आहे. आता गोडाऊन रोमन लिपीत लिहून बघा: पहिली दोन अक्षरं म्हणजेच गो. आणि गो म्हणजे मशीन पुढं चालू कर. केडीबीने इमानदारीत तेच केलं.

नाव ठेवताना म्हणून मदतीची यादी समोर घ्या आणि गो, एमडी, एमएम, आरएम, बीटी, पीएस, सेट अशा आधीच्या कोणत्याही नावाने सुरू होणारं नाव टाळा. पीएसने सुरू होणारं नाव ठेवलंत तर मॉड्यूल नसताना प्रोसेसची यादी येईल आणि ती आपल्याच कमांडची वाटेल. आम्ही नाव बदलून वखार केलं. टीममधल्या दोघा अमराठी सहकाऱ्यांनाही आता तो शब्द पाठ झाला आहे. असाच एक छोटा धोका म्हणजे कमांडचं नाव आणि कर्नलमधल्या एखाद्या फंक्शनचं नाव एकच असणं. कमांड नोंदलेली नसेल तर केडीबी त्या नावाचा पत्ता छापून मोकळा होतो.

मॉड्यूल लोड झालं तरी कमांड नोंदली गेली असेलच असं नाही. त्याच नावाची कमांड आधीच असेल तर केडीबी_रजिस्टर तशी ओळ छापतो आणि शून्याऐवजी एक परत करतो. नमुन्याच्या कोडमध्ये ही परत आलेली किंमत बघितलेली नाही, आणि तोच कोड सगळे उचलतात. ती बघा आणि शून्य नसेल तर मॉड्यूल लोड होऊ देऊ नका.

परवानगी नाकारली जाते

टेस्टच्या बॉक्सवर चालणारी कमांड सिक्युअर बूट (सही तपासलेलीच सिस्टिम सुरू करणं) चालू असलेल्या मशीनवर मदतीच्या यादीतच दिसत नाही आणि टाइप केली तर परवानगी नाही म्हणते, असं झालं तर फ्लॅग बघा.

प्रत्येक कमांडला एक फ्लॅग असतो, ती काय करते ते सांगणारा: मेमरी वाचते, मेमरी लिहिते, फक्त पाहणी करते वगैरे. नमुन्यात तो भरलेलाच नाही, म्हणजे शून्य. शून्य फ्लॅगची कमांड फक्त सगळ्याला मुभा हा बिट चालू असेल तरच चालते. साध्या मशीनवर तो चालू असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण २०२२ मध्ये कर्नलचं लॉकडाउन, म्हणजे रूटलाही कर्नलच्या आत हात घालू न देण्याची सोय, केडीबीलाही लागू झालं. लॉकडाउन असलं की केडीबी तो सगळ्याला मुभा हा बिट काढतो, त्याच्या जागी सुटे बिट ठेवतो आणि त्यातूनही लिहिण्याचे काढून घेतो. बरीच वितरणं सिक्युअर बूट दिसला की लॉकडाउन आपोआप चालू करतात. तिथं शून्य फ्लॅगची कमांड बाद.

फ्लॅग खरा भरा. आमची वखार कमांड पत्ता न देता चालवली तर नुसती मोजणी दाखवते, म्हणून तिला आर्ग्युमेंटशिवायच्या पाहणीचा फ्लॅग. पत्ता दिला तर त्या बफरातली मेमरी दाखवते, म्हणून मेमरी वाचण्याचाही. बीटी कमांडलाही असेच दोन फ्लॅग दिलेले आहेत. कंटाळा करून कायम सुरक्षित हा फ्लॅग चिकटवणं मला चुकीचं वाटतं. ज्या मशीनच्या मालकाने मेमरी दाखवू नका असं ठरवलं आहे त्याच्या मशीनवर आपली कमांड मागच्या दाराने ती दाखवेल. नक्की काय चालू आहे ते सिसएफएसमध्ये केडीबी मॉड्यूलच्या सीएमडी_एनेबल पॅरामीटरमध्ये दिसतं. तिथं १ असेल तर सगळं, २ म्हणजे मेमरी वाचणं, हेक्स २० म्हणजे पाहणी.

बाकीचे खड्डे भराभर सांगतो.

छापताना प्रिंटके नको, केडीबी_प्रिंटएफ. प्रिंटकेचं लिहिणं लॉगमध्ये जातं, प्रॉम्प्टवर लगेच दिसेलच असं नाही, आणि पाइप लावून ग्रेप करायची केडीबीची सोयही त्याला लागू होत नाही.

कमांडने छापलेला पत्ता एमडीला दिला आणि मेमरी वाचताच आली नाही, तर छापताना पत्त्यासाठी %पी वापरलंय. ४.१५ पासून %पी खरा पत्ता न देता त्याचं हॅश करून छापतं. डीबगरमध्ये %पीएक्स लागतं.

आर्ग्युमेंटची मोजणी नेहमीच्या सी प्रोग्रामसारखी नाही. कमांडचं नाव शून्याव्या जागी येतं पण मोजणीत धरलेलं नसतं. एक आर्ग्युमेंट दिलं तर मोजणी एक.

एक पान भरलं की येणाऱ्या मोअर या प्रॉम्प्टवर क्यू दाबला तर थांबायच्या ऐवजी उरलेल्या सगळ्या ओळी धो धो येतात. क्यू दाबल्यावर केडीबी फक्त एक खूण उभी करतो आणि पानापानाने थांबणं बंद करतो. थांबायचं काम तुमच्या लूपचं. प्रत्येक फेरीत कमांड-इंटरप्टची खूण बघा आणि दिसली की परत फिरा. आमचा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्सच्या झाडातच बांधलेला असतो, त्यामुळे ही खूण बघणं सोपं गेलं.

डीबगरमध्ये असताना बॉक्स अचानक रीबूट झाला तर कमांडला दोष देण्याआधी हार्डवेअर वॉचडॉग (वेळेत थोपटलं नाही तर मशीन रीबूट करणारी चिप) बघा. सॉफ्ट लॉकअपसारख्या कर्नलच्या आतल्या पहारेकऱ्यांना केडीबी बाहेर पडताना समजावतो, पण बाहेरच्या चिपला थोपटणारी प्रोसेस तर आपणच थांबवलेली असते. ११५२०० च्या वेगाने सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. पाचशे ओळी छापायला तीन-चार सेकंद लागतात, आणि मोअरवर आपण चहाचा घोट घेत थांबलो तर आणखी. आमचा वॉचडॉग ३० सेकंदांचा होता. तपासायला घेतलेल्या बॉक्सवर तो आधी बंद करतो.

आणि केबल. लॅमिंग्टन रोडवरून मी तीन यूएसबी-सीरियल केबली आणल्या, दोन उत्तम, एकीत ब्रेक पुढं जायचाच नाही, त्यामुळे डीबगर सुरूच व्हायचा नाही. केबल घेतली की आधी ब्रेक जातो का ते बघा. लांब ओळ चिकटवू नका, हाताने टाइप करा. केडीबी पोर्ट इंटरप्टशिवाय वाचतो आणि जुन्या धाटणीच्या १६५५० पोर्टच्या पोटात एका वेळी १६ अक्षरंच मावतात.

चाचणी आता आम्ही अशी करतो. क्यूईएमयूमध्ये किमान चार सीपीयू, आत पॅकेटचा मारा चालू, सिसरिक्यू-ट्रिगरला हात न लावता सीरियलवर ब्रेक, कमांड, गो, पुन्हा ब्रेक. हे स्क्रिप्टने दोनशे वेळा. त्यानंतर एक वेळ मुद्दाम लॉक धरून ठेवणाऱ्या कोडवर, म्हणजे लॉक घेतल्याची ओळ छापली जाते का ते कळतं. एकच सीपीयू देऊन, शांत मशीनवर घेतलेली चाचणी आम्ही चाचणी म्हणून धरत नाही.

नवी वखार कमांड घेऊन आम्ही साइटवर गेलो त्या दिवशी बॉक्स दुपारी अडकला. ब्रेक, प्रॉम्प्ट, कमांड. पहिली ओळ आली: लॉक घेतलेला आहे, यादी अर्धवट असू शकते. जुनी कमांड इथंच मेली असती. मग मोजणी आली. ५१२ पैकी गोडाऊनमध्ये ९, आणि बाहेर असलेल्यांपैकी ४८८ बफरांवर शेवटचा हात एकाच फंक्शनचा, आखूड पॅकेट नाकारणाऱ्या वाटेचा. त्या वाटेवर पॅकेट टाकून दिलं जायचं, बफर परत करायची ओळच नव्हती. बीटीसीमध्ये एक सीपीयू लॉक धरून रिकाम्या होत चाललेल्या यादीत बफर शोधत होता. दुरुस्ती एका ओळीची निघाली. ती ओळ टाकलेला बॉक्स त्या दिवसापासून त्याच साइटवर आहे आणि अजून अडकलेला नाही.